पाखऱ्याला तेल पाजायचं तोंड

ब्रेक लागत नाही म्हणून धावत आलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. ती घाबरलेली असतात, त्यामुळं त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. ब्रेक लागतो पण सुटत नाही, अशी तक्रार घेऊन येणारा मात्र चिडलेला असतो. आपल्याला कुणीतरी मुद्दाम अडवलंय अशी त्याची खात्री असते, आणि तो त्या कुणाला तरी सोबत घेऊनच येतो. बहुतेक वेळा तो ड्रायव्हर असतो. या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला असाच एक चिडलेला मालक, त्याचा ड्रायव्हर आणि हिरव्या रंगाची एक म्हातारी जीप आठवली. त्या जीपनं मला गाड्यांबद्दल फारसं शिकवलं नाही. जे शिकवलं ते पान्यांच्या डब्यात ठेवता येत नाही, म्हणून इथं मांडतो.

माझं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंब आणि गाडीखाली उतरायला खणलेला एक खड्डा. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. निजाम गेला, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. दर वेळी कचेरीवरची पाटी नवी व्हायची आणि पाटीखाली उभ्या असलेल्या जीपचा ब्रेक जुनाच राहायचा. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेल्या त्या जीपा. लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. गोऱ्या सोल्जरांनी त्या कुठल्या कुठल्या देशांत पळवलेल्या, आणि उरलेल्या आयुष्यात त्यांच्या नशिबी आमचे रस्ते आलेले. मला त्यांची कीव यायची.

ब्रेककडं बघायची आमच्याकडची रीतही न्यारी. परंड्याचे एक कंत्राटदार होते, त्यांच्या गाडीच्या मागच्या बाजूला तारेनं एक धोंडा बांधलेला असायचा. हा कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "हँडब्रेक हाय आमचा. चढाला गाडी थांबली की चाकाखाली सारायचा." गाडीचा खरा हँडब्रेक दुरुस्त करून देतो म्हटलं, तर त्यांनी हात झटकला. "त्याचा भरवसा काय? धोंडा डोळ्यांला दिसतो तरी." त्यांचा धोंडा मात्र कधी बिघडला नाही, हे कबूल करायला हवं. या कंत्राटदारांना लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहेत.

तर ती जीप. तेरच्या पलीकडं एका गावात भगवानराव नावाचे मोठे बागायतदार होते. तालुक्याच्या राजकारणात त्यांचं बरंच येणंजाणं होतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि कुठल्याही विषयावर 'मला हे आधीच वाटत होतं' असं म्हणायची सवय. गावोगावच्या बैठकांना दमणीतून जाणं आता बरं दिसत नाही असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी जीप आणली. दमणी म्हणजे बसून जायची छपराची बैलगाडी. दमणी गोठ्यात गेली आणि तिची खिलार जोडी, पाखऱ्या आणि ढवळ्या, बाजारात गेली.

जोडी गेली तरी तिला हाकणारा माणूस उरला. गेनबा त्याचं नाव. भगवानरावांना लहानपणी खांद्यावरून जत्रेला नेणारा हा म्हातारा गडी. त्याला काढून टाकणं जमेना आणि काम द्यायला बैल नव्हते. मग गेनबानंच आपलं काम ठरवून टाकलं. जीप बाहेरून आली की तो तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा, चाकांतला चिखल काढायचा, आणि पुढच्या जाळीला त्यानं पाखऱ्याच्या गळ्यातली घुंगरमाळ बांधली. जीपला तो पाखऱ्याच म्हणायचा. पुढची चाकंसुद्धा ओढतात हे कळल्यावर तर त्याचा आदर दुणावला. "चार बैलांचं काम एकलाच करतंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. जीप कुठंही निघाली की मागच्या बाकावर गेनबा बसलेला असायचाच. उतरवायची कुणाची छाती नव्हती.

गाडी चालवायला मेहबूब होता. तेरचाच. बाप विणकर. मागावरचं पोट चालेना तेव्हा हा सोलापूरला जाऊन गाडी शिकून आला. घरी बायको, दोन लेकरं, आंधळी आई. शेत म्हणाल तर वीतभर नाही. आमच्या भागात तेव्हा खासगी जीपा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि सगळ्यांचे मालक एकमेकांच्या लग्नात जेवायला बसायचे. एकानं 'हा गाडी बिघडवतो' म्हणून काढलेला ड्रायव्हर दुसरा ठेवत नसे. मेहबूबला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो गाडी अशी चालवायचा की जणू मागं दुधाची घागर भरून ठेवलीय.

पहिल्यांदा जीप माझ्याकडं आली ती पावसाळा सरता सरता. तक्रार अशी की, गाडी सुरुवातीला बरी चालते, कोस-दोन कोस गेल्यावर जड होते, मग आपोआपच थांबते, चाकांतून वास येतो. थोडा वेळ झाडाखाली उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाय ब्रेकवर दाबला की ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असलेला एक सिलिंडर तेल पुढं ढकलतो. तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांत जातं आणि तिथले दोन-दोन पत्रे पसरून चाकाच्या डब्याला आतून घट्ट धरतात. पाय काढला की तेलानं परत यायचं. परत यायला एक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. सगळा खेळ त्या भोकाचा आहे. ते बुजलं तर तेल चाकाकडंच अडकून पडतं, गरम होऊन फुगतं, आणि पत्रे आणखी आवळतात. तुम्ही पाय काढून बसलेले असता आणि गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक दाबत असते. राजकारणात पडलेल्या माणसांना हे समजावून सांगायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

मी चाकाजवळचा बारीक नट ढिला केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे पत्रे, स्प्रिंगा निर्दोष, चोर फळीखाली. सिलिंडर उघडला तर आतली रबराची टोपी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली, बरोबर त्या भोकावर बसलेली. मिलिटरीच्या वेळचं जुनं रबर, दुसरं काय असणार, असं म्हणून मी सगळी रबरं बदलली, नळ्या स्पिरिटनं धुतल्या, सोलापूरहून आणलेलं ताजं ब्रेकचं तेल भरलं आणि जीप लावून दिली. भगवानराव म्हणाले, "रबरच असणार हे मला आधीच वाटत होतं."

वर्षभर जीप सुतासारखी चालली. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला एका दुपारी ती पुन्हा माझ्या दारात उभी राहिली, आणि या वेळी भगवानरावांच्या टोपीचा कोनसुद्धा सरळ नव्हता.

झालं होतं असं. जिल्ह्याच्या निवडणुकीची तिकिटं ठरवायची बैठक धाराशिवला होती. भगवानरावांचं नाव पुढं येणार हे नक्की. माणसानं तिथं हजर राहणं तेवढं बाकी होतं. येडशीजवळच्या चढावर पाखऱ्या तापला आणि थांबला. गार होईपर्यंत साहेब रस्त्याच्या कडेला धोतर सावरून उभे. पुन्हा चालला, पुन्हा थांबला. शेवटी ते कुणाच्या तरी भुईमुगाच्या गाडीत, पोत्यांवर बसून बैठकीला पोचले. पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चालू होतं, आणि तिकीट त्यांच्या चुलतसाडूला मिळालं होतं. म्हणजे ज्या माणसाला बैलगाडीतून जाणं कमीपणाचं वाटलं, त्याला ऐनवेळी बैलांनीच पोचवलं. मी हे तोंडावर बोललो नाही. मलाही गॅरेज चालवायचं होतं.

"मिस्त्री," भगवानराव म्हणाले, "ह्या माणसाचा पाय ब्रेकवर पडून ऱ्हातो. न्हायतर ह्याला कुणीतरी फोडलाय. माझ्या साडूचं हे काम असणार. मी चहा घेऊन येतो. तुम्ही कारण सांगा, की आजच्या आज ह्याला गावाकडं लावतो."

ते गेले. मेहबूब लिंबाखाली उकिडवा बसला. गडी रडत नव्हता, पण तोंड असं झालं होतं की बघवेना.

"मिस्त्री, खुदाकसम सांगतो, म्या काय बी केलं न्हाय," तो म्हणाला. "पाय कसा ठिवायचा ते तुमीच शिकवलं. चढाला तर म्या पाय मांडीखाली घिऊन बसल्यागत बसतो."

"मला ठाऊक आहे मेहबूबभाई," मी म्हटलं. "पण मला ठाऊक असून भागत नाही. दाखवता आलं पाहिजे."

मी फळीवरचं झाकण काढलं, सिलिंडर उतरवला आणि आतलं तेल पत्र्याच्या पाटीत सांडलं. टोपी पुन्हा तशीच टम्म फुगलेली. नवं रबर, नवं तेल, आणि तरी हे. मी पाटी नाकाजवळ नेली. ब्रेकच्या तेलाला स्पिरिटासारखा तिखट वास असतो. या तेलाला तव्यावर टाकलेल्या फोडणीची आठवण होईल असा वास होता. मी चक्रावलो. खरंच साडूचं काम की काय, असं क्षणभर माझ्याही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात मागून गेनबाचा आवाज आला. "अरारारा! मिस्त्री, काय केलंत हे? समदं तेल वतून टाकलं! घाण्याचं करडीचं तेल हाय ते. पोळ्याला पाजल्यालं."

मी मेहबूबकडं बघितलं, मेहबूबनं माझ्याकडं.

पोळा आठवडाभरापूर्वीच झाला होता. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे, आणि बांबूच्या नळ्यानं बैलाला तेल पाजायचं. कष्ट केलेल्या जिवाला ताकद यावी म्हणून. गेनबानं आयुष्यभर हे केलं होतं. बैल गेले म्हणून सण थोडाच जातो?

"तात्या," मेहबूबनं हळूच विचारलं, "तुमी गाडीला तेल पाजलं? कुठनं?"

"कुठनं म्हंजे? तोंडातनं," गेनबा म्हणाला. त्यानं फळीवरच्या त्या झाकणाकडं बोट केलं. "तूच तर दावलंस मला. गाडी आली त्या वक्ताला हितलं झाकान काढून डब्यानं तेल पाजत व्हतास. म्या म्हनलं, हिचं तोंड हितं हाय. पोळ्याला तेवढं घरचं पाजतो. लई न्हाय, नळाभर. वरनं सांडतंय ते पुसून घेतो." मग त्यानं आमच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "का? सोसलं न्हाय व्हय त्याला?"

मी सांगितलं. शक्य तितकं सोपं करून सांगितलं, रबर आपलं तेल पितं आणि फुगतं म्हणून. गेनबा जीपच्या चाकावर हात ठेवून उभा होता. मला त्या वेळी वाईट वाटलं, ते अजून वाटतं. ज्या हातांनी कधी बैलाला चाबूक लावला नाही, त्या हातांनी आपण पाखऱ्याचा गळा आवळला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं.

"मंजी मालकाचं टिकिट म्याच घालवलं," तो म्हणाला. "चला. मालकाला सांगतो. ह्या पोराची भाकर कशापायी जावी?"

मेहबूब उठून आडवा आला. "न्हाय तात्या. तुमी काय बी सांगायचं न्हाय. आज मालक लई तापल्यात. ह्या वयात तुमाला घराभाईर काढलं तर जानार कुठं? माझं मी बघतो. हातपाय हायेत मला."

"तुला लेकरं हायेत!"

"तुमाला कुनीच न्हाय!"

दोघं एकमेकांवर ओरडायला लागले. माझ्या आयुष्यात माझ्या दारात माणसं दोष दुसऱ्यावर ढकलायला भांडत आली होती. दोष आपल्याकडं ओढून घ्यायला भांडणारी ही पहिलीच जोडी, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. कारण भगवानराव चहा संपवून रस्त्यानं येताना दिसत होते, आणि खरं बोललो तर एकाची भाकरी जाणार होती, गप्प बसलो तर दुसऱ्याची. मिस्त्रीनं खरं बोलावं की गप्प बसावं, हे मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी कधी शिकवलं नव्हतं. गाडी चालू करून द्यावी, एवढंच शिकवलं होतं.

"दोघंही तोंडं मिटा," मी म्हटलं. भंगारात हातभर लांबीची एक लोखंडी नळी पडली होती, तिला वर आटे होते. ती उचलून मी भगवानरावांच्या पुढ्यात गेलो.

"भगवानराव, दोष सापडला," मी म्हणालो. "ड्रायव्हरचा नाही. मिलिटरीचा आहे."

"मिलिटरीचा?"

"ही गाडी आपल्या मुलखासाठी बनवलेली नाही. आपल्याकडं सणासुदीला गाडीला तेल द्यायची रीत आहे. त्या लोकांना सण ठाऊक नाही. त्यांनी तेल द्यायला वेगळं तोंडच ठेवलं नाही. मग घरचं तेल ब्रेकच्या तोंडात जातं आणि ब्रेक धरतो. पुढच्या बाजूला एक स्वतंत्र तोंड बसवून देतो. पुन्हा तक्रार आली तर मला विचारा."

तेल कुणी दिलं हे त्यांनी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. पण दोष साता समुद्रापलीकडच्या माणसावर टाकला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. भगवानरावांनी नळी हातात घेतली, वर-खाली करून बघितली, टोपी सरळ केली.

"मला हे आधीच वाटत होतं," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी पुढच्या बंपरशेजारी ती नळी उभी बसवली. वर पितळी झाकण, तळाला बारीक भोक. भोक पुढच्या कमानीच्या पाट्यांवर येईल अशा बेतानं ठेवलं. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, गाडीचे धक्के सोसणारे. त्यांना तेल लागलं तर बिघडत काही नाही, झालं तर भलंच होतं. फळीवरच्या खऱ्या झाकणाला मी असा नट लावला की माझ्या पान्याशिवाय निघू नये. मग गेनबाला हात धरून पुढं आणलं.

"तात्या, हे पाखऱ्याचं तोंड. इथून पाजायचं."

त्यानं झाकण फिरवलं, आत बोट घातलं, वाकून बघितलं. "हितनं पोटात जातंय नव्हं?"

"पायात जातं," मी म्हणालो. "बळ तिथंच लागतं त्याला."

हे त्याला पटलं. मला वाटतं, माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी दिलेलं हे सगळ्यांत समाधानकारक उत्तर. आणि ते खोटंही नव्हतं.

मेहबूबची नोकरी राहिली. भगवानराव येणाऱ्या पाहुण्यांना ती नळी दाखवून मिलिटरीच्या इंजिनियरांना काय कळत नव्हतं ते सांगायला लागले. पुढच्या पोळ्याच्या आधी दोन मोठे बागायतदार आपापल्या जीपा घेऊन माझ्याकडं आले. 'भगवानरावांच्या गाडीला बसवलंय तसलं तोंड' त्यांनाही हवं होतं. मी बसवून दिलं. ब्रेक दुरुस्त करून मला जे नाव मिळालं नाही, ते त्या नळीनं मिळवून दिलं. आणखी एक गंमत. भगवानरावांची जीप खड्ड्यांतून जाताना आधी कुरकुरायची, ती कुरकुर थांबली. कमानीला दरवर्षी इतकं चोख करडीचं तेल मिळणारी जीप अख्ख्या हिंदुस्थानात दुसरी नसेल.

बरीच वर्षं गेली. भगवानरावांनी मोटार घेतली आणि जीप विकायला काढली. घेतली ती आपल्या परंड्याच्या कंत्राटदारांनी, ज्यांचा धोंडा मघाशी सांगितला. सौदा माझ्याच लिंबाखाली झाला. जीप पोचवायला मेहबूब आला होता. केस पिकलेले. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. गेनबाला जाऊन तीन पोळे झाले होते, पण घुंगरमाळ जाळीला तशीच होती.

कंत्राटदारांनी गाडीभोवती फेरी मारली आणि बंपरपाशी थांबले. "मिस्त्री, हे नळकांडं कसलं? काढून टाका. धोतरात अडकंल कुणाच्या."

मी करवत घेऊन खाली बसलो. कापायच्या आधी सवयीनं झाकण फिरवलं. मला वाटलं होतं गंजून बसलं असेल. ते सहज फिरलं, आणि आतून ताज्या करडीच्या तेलाचा वास आला. पोळा नुकताच होऊन गेला होता. मी वर बघितलं. मेहबूब तुळजापूरच्या रस्त्याकडं बघत होता, जणू तिकडून कुणी येणार होतं.

"तात्या जाताना बोलला व्हता," तो रस्त्याकडंच बघत म्हणाला. "पाखऱ्याला उपाशी ठिवू नगंस, म्हनला."

मी करवत बाजूला ठेवली. "राहू द्या शेठ," कंत्राटदारांना म्हटलं, "कमानीला बरं असतं ते."

कंत्राटदारांच्या नव्या ड्रायव्हरला मेहबूबनं गाडी समजावून दिली. चोक कुठला, पुढची चाकं जोडायची ती दांडी कुठली, गियर कुठं अडतो. मग त्याला हाताला धरून पुढं नेलं, झाकण उघडून दाखवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "आनि हितनं तेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी. लई न्हाय, नळाभर. फळीतनं पाजायचं न्हाय, हितनंच."

तो ड्रायव्हर तरणा होता, शहरात शिकून आलेला. हा म्हातारा थट्टा करतोय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं बघितलं. मी इतकी वर्षं ब्रेकचं काम केलेला माणूस. मी मान डोलावली, आणि तोंड फिरवून पान्यांचा डबा आवरायला लागलो.